नळीवर नाव एकाचं, खाली शिक्के दुसऱ्याचे

सातारा-सांगलीकडच्या जुन्या घरांत अजूनही एखादी बारा बोअरची दुनळी असते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली, बंदूक राहिली. परवाना वारसाच्या नावावर झाला आणि निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर परत आणायची, एवढंच तिचं काम उरलं. परवान्यावर 'डीबीबीएल', म्हणजे मागून काडतूस भरायची दोन नळ्यांची बंदूक, एवढी नोंद. बाकीचा इतिहास तोंडी, आणि तो घरोघरी साधारण सारखाच: पणजोबांनी वाघ मारला, कलेक्टर साहेब खूश झाला, त्यानं स्वतःची लंडनची बंदूक दिली.

साहेबाचं राहू दे. लंडनचं मात्र तपासता येतं. त्यासाठी नळीवर कोरलेलं नाव सगळ्यात शेवटी वाचावं, असं माझं मत आहे. दुकानदार सांगेल ते नाव कोरलं जायचं. सरकारमान्य शिक्का मात्र परीक्षेत नळी टिकली तरच उठायचा.

कोरेगाव तालुक्यातल्या एका ओळखीच्या घरी अशीच एक बंदूक पाहिली. परवानाधारक आबांनी आधी ती उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली, मग पुढचं लाकूड काढून नळ्या सुट्या केल्या. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर ठसठशीत 'लंडन'. नळ्या उलट्या केल्या, तर बुडाच्या सपाट भागावर वाळलेल्या तेलाचा काळा थर. रॉकेलचा बोळा फिरवला, कोपरे दात कोरायच्या काडीनं साफ केले. (इथं पॉलिश पेपर घासणारे महाभाग असतात, एका मिनिटात शंभर वर्षांचा पुरावा साफ.) वर खडूची पूड चोळून बॅटरी तिरपी धरली. एक लंबगोल दिसला, आत ई-एल-जी ही तीन रोमन अक्षरं, खाली चांदणी, वर मुकुट. शेजारी आकडा, 18.4.

"अहो, पण वर लंडन लिहिलंय की!" आबा म्हणाले.

लंबगोलातली ती अक्षरं बेल्जियममधल्या लिएज शहराच्या चाचणीगृहाची. लंबगोलावर मुकुट आला तो 1893 पासून, म्हणजे बंदूक त्यानंतरची. 18.4 हा नळीचा आतला व्यास, मिलिमीटरमध्ये. इंग्रज त्या काळी तो असा लिहीत नसत. नामांकित इंग्रज कारागिरांच्या नावांशी मिळतीजुळती नावं कोरलेल्या स्वस्त बेल्जियन बंदुका तेव्हा जगभर जात होत्या.

चाचणीगृहात नेहमीपेक्षा बरीच जास्त दारू भरून बार काढतात. नळी फुगली, चिरली की बाद. टिकली, तर शिक्का. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला 1637 मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं चाचणीगृह 1813 च्या कायद्यानं उभं राहिलं. लंडनचा शिक्का म्हणजे मुकुटाखाली एकमेकांत गुंतलेली जी-पी अक्षरं. बर्मिंगहॅमचा 1904 पर्यंतचा शिक्का म्हणजे मुकुटाखाली दोन राजदंडांची फुली. त्यानंतर मुकुटाखाली बीपी, बीव्ही अशी अक्षरं. नियम बदलले की शिक्के बदलत, आणि तारीख काढायला तेच उपयोगी पडतं. उदाहरणार्थ, 'नॉट फॉर बॉल' (हिच्यातून एकसंध गोळी झाडू नये) ही अक्षरं तोंडाशी निमुळत्या केलेल्या नळ्यांवर 1875 ते 1887 या काळातच उठवली जात. ती सापडली, तर शोध बारा वर्षांत आला.

इंग्रजी नळीवर '13' दिसला की लोक गोंधळतात. बंदूक बारा बोअरची, मग तेरा कुठून? बोअर हे वजनावरून काढलेलं माप आहे. एक पौंड, म्हणजे 453.6 ग्रॅम, शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एक गोळी 37.8 ग्रॅमची. शिशाची घनता 11.34, म्हणून तिचं आकारमान 3.33 घन सेंटिमीटर आणि व्यास 18.5 मिलिमीटर. तेरा गोळ्या केल्या, तर व्यास 18 मिलिमीटर. काडतूस बाराचं, पण नळी आतून तेराच्या मापाची, असं त्या काळी सर्रास असे. हा आकडा चाचणीच्या दिवशीचा. आज मोजून व्यास ठळक वाढलेला निघाला, तर मधल्या काळात कुणीतरी गंज काढायला नळी आतून घासली आहे. तिची भिंत पातळ झाली आणि जुन्या शिक्क्याचा भरवसा संपला.

नळीवर नागमोडी नक्षी दिसली की घरचे अभिमानानं 'दमास्कस' म्हणतात. लोखंड आणि पोलाद यांच्या सळ्या एकत्र तापवून, दोरखंडासारखा पीळ देऊन, पट्टी करून दांड्याभोवती गुंडाळायच्या आणि ठोकून सांधायच्या, अशी ती नळी बने. नंतर गंजाची किंवा आम्लाची प्रक्रिया केली की दोन धातू वेगवेगळ्या वेगानं झिजतात, एक गडद दिसतो, एक फिकट, आणि पीळ उमटतो. ही नक्षी धातूच्या आरपार असते. साध्या नळीवर नुसती वरून छापलेली नक्कलही विकली जायची; ती घासली की जाते. देश ओळखायला नक्षीचा उपयोग मर्यादित, कारण बेल्जियन नळ्या इंग्रज कारागीरही विकत घेत. पण 'एनपी', म्हणजे धूररहित दारूनं चाचणी झाल्याचा इंग्रजी शिक्का, नसलेली, फक्त काळ्या दारूसाठी तपासलेली अशी नळी असेल, तर खडकीच्या कारखान्यातलं आजचं धूररहित दारूचं काडतूस तिच्यात घालू नये. लग्नात हौस म्हणून तर मुळीच नाही.

यंत्ररचनेवरून फक्त 'याच्या आधीची नाही' एवढंच कळतं. बाहेर घोडे (चाप ओढल्यावर आपटणारे हातोडे) नसलेली, पेटीबंद रचना बर्मिंगहॅमच्या अ‍ॅन्सन आणि डीली यांची, पेटंट 1875 चं. अशी बंदूक '1857 च्या धामधुमीतली' असूच शकत नाही. उलट बाहेर घोडे आहेत म्हणून ती फार जुनी, हेही खरं नाही. तशा बंदुका पुढे कित्येक दशकं बनत राहिल्या.

मग येतं नाव. कलकत्त्याचं मँटन, मुंबईचं आर्मी अँड नेव्ही अशी नावं आपल्याकडच्या नळ्यांवर भेटतात. आर्मी अँड नेव्हीचं मुंबईतलं दुकान 1891 चं, पण ते मुळात दुकान. माल बराचसा बर्मिंगहॅमच्या कारखान्यांचा. त्यांच्या बंदुकांच्या नोंदवह्या ग्लासगो विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. चापाखालच्या पट्टीवर अनुक्रमांक असेल, तर तो कळवून विचारणा करता येते. लंडनच्या पर्डीसारख्या बंदूककार घराण्यांत पत्ताही कामाचा: ऑक्सफर्ड स्ट्रीटचा पत्ता असेल, तर बंदूक 1880 च्या दशकातल्या साउथ ऑड्ली स्ट्रीटवरच्या स्थलांतराआधीची.

आबांच्या बंदुकीवर असं काही नव्हतं. नळ्यांच्या जोडाजवळ मात्र दोन बारीक अक्षरं होती, बहुधा नळ्या घडवणाऱ्याची आद्याक्षरं. लिएजमध्ये काय किंवा बर्मिंगहॅममध्ये काय, नळी एकाकडे, कुलूप (बार उडवणारी यंत्रणा) दुसऱ्याकडे, दस्ता तिसऱ्याकडे, नक्षी चौथ्याकडे, असं काम वाटलेलं असे. तिचा 'कर्ता' म्हणून एकच नाव सापडेल, अशी अपेक्षा ठेवू नये. आबांनी ती अक्षरं वहीत उतरवून घेतली आणि परवान्याच्या झेरॉक्सला टाचली.