इंटरनॅशनल रोमिंग वेगळं, डेटा रोमिंग वेगळं

"उतरल्या उतरल्या रोमिंग बंद करा बरं का काकू, नाहीतर पैसे जातील." आमच्या जुळे सोलापुरातल्या बिल्डिंगमधून कुणी लेकीकडे दुबईला किंवा मुलाकडे अमेरिकेला निघालं, की निदान चार जण तरी हे सांगतात. सांगणाऱ्याला काळजी असते, हे मान्य. पण कोणतं रोमिंग, ते कुणीच सांगत नाही आणि माणूस परक्या विमानतळावर अडकतो.

रोमिंग आपल्याला नवीन नाही. अक्कलकोट मागे टाकून गाणगापूरकडे निघालं की कर्नाटक लागतं. पूर्वी रेंजच्या दांड्यांशेजारी 'आर' अक्षर दिसलं की नुसता फोन उचलायलाही पैसे पडायचे. २०१७ च्या सुमारास कंपन्यांनी देशातल्या रोमिंगचे पैसे घेणं बंद केलं, पण रोमिंग म्हणजे खर्च हे डोक्यात बसलं ते बसलंच. त्या 'आर'चा अर्थ एवढाच, की तुमचं सिम दुसऱ्याच्या नेटवर्कवर पाहुणं आहे.

आता परदेशाचं. इंटरनॅशनल रोमिंग ही तुमच्या भारतातल्या कंपनीची सेवा. ती चालू असेल तरच तुमचं सिम परदेशातल्या टॉवरला जोडलं जातं. डेटा रोमिंग हे फोनच्या सेटिंगमधलं बटण. सिम पाहुणं असताना त्यावरून इंटरनेट वापरायचं की नाही, एवढंच ते ठरवतं. सेवा कंपनीकडून सुरू करून घ्यायची असते, बटण तुमच्या बोटाखाली असतं. एक चालू ठेवून दुसरं बंद ठेवता येतं, आणि बहुतेक वेळा नेमकं तेच करायचं असतं.

आमच्या शेजारच्या काकूंचं उदाहरण सांगते. भाच्यानं त्यांना प्रवासाचं ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवून घ्यायचं सिम, घेऊन दिलं. दुबईत उतरल्यावर रेंज पूर्ण, पण व्हॉट्सॲप सुरू होईना. बाहेर लेक उभी, आत या घाबरलेल्या. विमानतळाच्या वायफायवरून कसाबसा मेसेज आला, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "ई-सिमचं डेटा रोमिंग चालू आहे का?" नव्हतं. सगळ्यांनी बजावलं होतं ना, बंद ठेवा म्हणून!

इथंच सगळे चुकतात. प्रवासाचं ई-सिम विकणाऱ्या बहुतेक कंपन्यांचे त्या देशात स्वतःचे टॉवर नसतात. सिम असतं तिसऱ्याच देशातलं, त्यामुळे ते दुबईतही पाहुणंच ठरतं. डेटा रोमिंग बंद असेल, तर पैसे भरलेलं ई-सिम नुसतं पडून राहतं. ते बटण चालू केल्यानं जादा बिल येत नाही. तुम्ही आधीच घेतलेला डेटा तेवढा वापरला जातो.

म्हणून दोन सिमच्या फोनमध्ये दोन्ही सिमची सेटिंग वेगवेगळी बघा. भारतीय सिमची इंटरनॅशनल रोमिंग सेवा चालू, कारण बँकेचे ओटीपी त्यावरच येतात आणि मेसेज येण्याचे सहसा पैसे पडत नाहीत. त्याच सिमचं डेटा रोमिंग मात्र बंद. ई-सिमचं डेटा रोमिंग चालू, आणि मोबाइल डेटासाठीही तेच निवडलेलं. आयफोनवर 'अलाउ सेल्युलर डेटा स्विचिंग' असं आणखी एक बटण असतं, तेही बंद ठेवा. मग फोन आपणहून भारतीय सिमच्या डेटाकडे वळणार नाही. भारतीय सिमवर आलेला फोन उचलला, तर त्याचे पैसे लागतात. घरच्यांना व्हॉट्सॲपवरच करायला सांगा. व्हॉट्सॲपचा नंबर ई-सिम घातल्यानं बदलत नाही. मात्र अमिरातीत व्हॉट्सॲपचे कॉल स्थानिक नेटवर्कवर अडवलेले असतात, तिथं मेसेज आणि व्हॉइस नोटवर भागवायची तयारी ठेवा.

तिथल्याच दुकानातून घेतलेलं सिम त्या देशात पाहुणं नसतं, म्हणून त्याला हे बटण लागत नाही. सीमा ओलांडली की लागतं. जानेवारीत फ्रँकफर्टच्या हाइमटेक्स्टिल प्रदर्शनाला जाणाऱ्या टॉवेलवाल्यांनी हे लक्षात ठेवावं. युरोपियन युनियनमध्ये १५ जून २०१७ पासून एका देशाचं सिम दुसऱ्या देशात ठरावीक मर्यादेत जादा पैशांशिवाय चालतं, पण डेटा रोमिंग चालू असेल तरच. स्वित्झर्लंड त्या युनियनमध्ये नाही. आपल्याकडच्या युरोप सहली तिथं हमखास जातात, तेव्हा पॅकच्या देशांच्या यादीत त्याचं नाव शोधून मगच पैसे भरा.

भारतीय कंपनीचा रोमिंग पॅक की ई-सिम, हा वाद मला फार मोठा वाटत नाही. दोन-चार दिवसांचं काम असेल किंवा सेटिंगला हात लावायची भीती वाटत असेल, तर पॅक घ्या. त्यात भारतीय सिमचंच डेटा रोमिंग चालू करायचं. आठवडा-दोन आठवडे असतील तर ई-सिम, महिन्याहून जास्त असेल तर तिथलं सिम. चीनला जाणार असाल तर मात्र तिथलं सिम नको. रोमिंगमध्ये डेटा आपल्या कंपनीमार्फत फिरून येतो, म्हणून गूगल आणि व्हॉट्सॲप चालतात. तिथल्या सिमवर ते अडवलेले असतात.

क्यूआर कोड स्कॅन करून ई-सिम फोनमध्ये घ्यायला इंटरनेट लागतं, तेव्हा सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये बसण्याआधी घरच्या वायफायवरच ते काम उरका. तुमचा फोन ई-सिम घेतो का, हे विकत घेण्यापूर्वीच बघा. मुलाकडे सहा महिने राहायला जाणाऱ्या आई-वडिलांच्या भारतीय नंबरचं नेहमीचं रिचार्ज मध्येच संपतं आणि मग ओटीपी येत नाहीत. त्याची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, इथं राहणाऱ्यानं आठवणीनं भरायचं.