‘कोण कोण येतंय बघू, मग येतो’

आमच्या वाडीत बंधारा घालायचा म्हटलं की दरवर्षी हेच उत्तर मिळतं. लहानपणी वाटायचं माणसं टाळतायत, आजोबा तर सरळ शिव्याच घालायचे, पण हल्ली मला वाटतं की गावं एकत्र कशी येतात आणि कशी येत नाहीत ते सगळं या एका वाक्यात आहे.

आधी बंधाऱ्याचं सांगतो. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी एप्रिल-मेमध्ये टँकर येतो, हे घाटावरच्या माणसाला पटतच नाही. उतार तीव्र, समुद्र जवळ आणि खाली जांभा, भोकाभोकाचा दगड, पाणी पटकन पितो आणि तेवढ्याच पटकन खालच्या अंगाला सोडून देतो. म्हणून भातकापणी उरकली की पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, धार असतानाच सिमेंटच्या रिकाम्या गोणी मातीने भरायच्या, दाभण-सुतळीने तोंडं शिवायची आणि विटा लावतात तशा सांधा चुकवून आडव्या रचायच्या. हा वनराई बंधारा, नाव मोहन धारियांच्या वनराई संस्थेवरून आणि धारिया तर आपल्या महाडजवळच्या नाते गावचेच. पाणी अडलं की मुरतं आणि काठावरच्या विहिरी थोडे आठवडे जास्त टिकतात. ते थोडे आठवडे म्हणजे काय ते मे महिन्यात हंडा वाहिलेल्या बाईला विचारा.

हे सगळं वाडीतल्या पोरासोरांनाही माहीत असतं, त्यामुळे जनजागृतीची वगैरे काही गरज नसते. तरी आमच्याकडे तीस माणसं येतात आणि पऱ्यापलीकडच्या वाडीत तिघं. आम्ही म्हणायचो त्यांच्यात एकी नाही, विषय संपला.

पण मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७८ साली याचं गणित मांडलंय ते भारी आहे. समजा शंभर माणसं, प्रत्येकाचा आपला उंबरठा. एक जण कोणी नसलं तरी सुरू करतो, त्याचा उंबरठा शून्य. दुसरा एकाला बघून येतो, तिसरा दोघांना बघून, असं करत शेवटचा नव्याण्णवांना बघून. शंभरच्या शंभर येतात. आता फक्त एकच माणूस बदला, ज्याला एक पुरत होता त्याला दोन लागतात असं धरा. पहिला फावडं घेऊन येतो, एकट्याला बघून येणारं कोणी उरलेलंच नाही, बाकीचे सगळे बघत बसतात आणि तो बिचारा दुपारपर्यंत गोणी भरतो. दोन्हीकडची माणसं जवळपास सारखीच, निकाल मात्र शंभर आणि एक! ग्रॅनोव्हेटरने उदाहरण दंगलीचं घेतलं होतं, आपल्याला बंधाऱ्यालाही चालतं.

म्हणजे खरं काम भाषण करायचं नसून दुसरा आणि तिसरा माणूस गाठायचं आहे. आमच्याकडे हे एक काकी करतात, त्यांनी समाजशास्त्र वाचलेलं नाही. त्या मीटिंग लावत नाहीत, आदल्या रात्री नेमक्या दोन-तीन घरी जाऊन बसतात, आणि सकाळी गोणी भरायला सुरुवात साकवाजवळ, म्हणजे पऱ्यावरच्या छोट्या पुलाजवळ, करायला लावतात, कारण दुधाला, एसटीला जाणारा प्रत्येक जण तिथूनच जातो आणि त्याला माणसं दिसतात. चाकरमानी मुंबईहून जीपे करतात, चहा-पोहे त्यातून, आणि व्हॉट्सॲपवर फोटो पडला की दहा वाजेपर्यंत अजून पाच-सात जण येतात.

दुसरी युक्ती म्हणजे उंबरठाच खाली आणायचा. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडली कासवांची अंडी लोक खायला उकरून न्यायचे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना धरून घरटी राखायला घेतली, २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, पिल्लं समुद्रात जाताना बघायला पर्यटक आले आणि ते गावातल्याच घरांत राहू-जेवू लागले. आता अंडी राखायला कोणी संत असावं लागत नाही. (उद्या पर्यटक आटले तर काय, हा प्रश्न मला मात्र छळतो.)

२०१८ मध्ये डेमन सेंटोला आणि सहकाऱ्यांनी प्रयोग करून दाखवलं की गटातले साधारण २५ टक्के लोक ठामपणे वेगळं वागले तर बाकीचेही रूढी बदलतात. छान आहे, फक्त ते प्रयोग इंटरनेटवर अनोळखी माणसांवर झाले, फोटोतल्या चेहऱ्याला नाव काय द्यायचं एवढ्यावर. वाडीत माणूस बांधावरून वीस वर्षं वैर धरून बसलेला असतो, त्याचं काय करायचं ते त्यात नाही.

आणि बंधारा जूनच्या पहिल्या पुरात जातोच, नोव्हेंबरात परत पहिल्यापासून.

गेल्या वर्षी काकींनी आमच्यातले दोघं पलीकडच्या वाडीत पाठवले, काम करायला कमी आणि आलेले दिसायला जास्त. तिकडे अकरा जण जमले. बंधारा अर्धाच झाला, पाणी एका बाजूने निघून गेलं आणि आता तिकडे भांडण चाललंय की त्या दिवशी कोण कोण आलं नव्हतं.