बिल्ड-टेस्ट पाइपलाइन

बिल्ड-टेस्ट पाइपलाइन : सॉफ्टवेअरच्या सामायिक कोडमध्ये कोणी बदल केला की तो कोड आपोआप उतरवून घेणारी, त्याची बांधणी करणारी (म्हणजे त्यापासून चालणारा प्रोग्रॅम तयार करणारी), ठरलेल्या चाचण्या चालवणारी आणि निकाल लगेच कळवणारी यंत्रणा. या कार्यपद्धतीला मराठीत ‘निरंतर एकत्रीकरण’ असा शब्द आहे. रोजच्या बोलण्यात मात्र ‘सीआय’ (कंटिन्युअस इंटिग्रेशन) किंवा नुसते ‘पाइपलाइन’ म्हणतात. सगळ्या चाचण्या उतरल्या तर निकाल हिरवा, एक जरी फसली तर लाल. लाल निकालाला ‘बिल्ड फुटला’ म्हणतात.

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत ज्याने काम केले आहे, त्याला ही कल्पना समजावायला वेळ लागत नाही. लेथवरून उतरलेला पीस गो-नोगो गेजला लावतात. गेजचे एक टोक आत गेले पाहिजे, दुसरे जाता कामा नये. कारागीर किती जुना आहे किंवा ऑर्डर किती तातडीची आहे, हे गेज पाहत नाही. चाचणी म्हणजे कोडचे गेज. फरक इतकाच की मापात बसलेला पीस गाडीत चढून निघून जातो, कोड मात्र रोज बदलत राहतो आणि आजच्या बदलाने सहा महिन्यांपूर्वी बसलेले माप बिघडू शकते. म्हणून प्रत्येक बदलानंतर सगळी गेजे पुन्हा लावावी लागतात. हे हाताने करायचे ठरवले तर चार दिवस होते आणि पाचव्या दिवशी राहून जाते.

बांधणीचे काम यंत्राकडे देण्याची सुरुवात जुनी आहे. स्ट्युअर्ट फेल्डमन यांनी बेल लॅब्समध्ये ‘मेक’ हे साधन १९७६ मध्ये लिहिले. निरंतर एकत्रीकरण हा शब्दप्रयोग ग्रेडी बूच यांनी १९९१ मध्ये वापरला आणि केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या सॉफ्टवेअर लिहिण्याच्या पद्धतीमुळे त्या दशकाच्या अखेरीस तो रुळला. २००१ मध्ये क्रूझकंट्रोल हे या कामाचे साधन आले. पुढे कोह्सुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना हडसन हे तसेच साधन लिहिले. नावावरून, सन विकत घेणाऱ्या ओरॅकलशी मतभेद झाल्यावर २०११ मध्ये त्याचेच जेन्किन्स झाले. गिटलॅबची पाइपलाइन आणि २०१९ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले गिटहब ॲक्शन्स ही आज अधिक दिसणारी साधने आहेत. सार्वजनिक रिपॉझिटरीला (कोडच्या सामायिक साठ्याला) गिटहबचे साधे रनर, म्हणजे चाचण्या चालवणारी यंत्रे, मोफत मिळतात, ही विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मोठी सोय आहे.

पाइपलाइनची कृती एका मजकुरी फाइलमध्ये लिहितात आणि ती फाइल कोडसोबतच ठेवतात. ती बहुधा यामल या स्वरूपात असते. यामलमध्ये ओळीच्या सुरुवातीची जागा स्पेसनेच सोडावी लागते, टॅब चालत नाही. नवशिक्याचा पहिला लाल निकाल पुष्कळदा यामुळेच येतो. कोणी ‘पुश’ केले, म्हणजे आपला बदल सामायिक साठ्यात पाठवला, की रनर नावाचे कोरे यंत्र उभे राहते, कोड घेते, लागणारी पॅकेजेस (इतरांनी लिहिलेला तयार कोड) बसवते, बांधणी करते, आधी छोट्या आणि मग एकत्रित चाचण्या चालवते. यंत्र कोरे असण्याला फार महत्त्व आहे. ‘माझ्या मशीनवर चालतंय’ या वाक्यामागे बहुधा कधीतरी हाताने बसवलेले आणि विसरून गेलेले काहीतरी असते. कोऱ्या यंत्रावर ते नसते, त्यामुळे उणीव लगेच उघडी पडते. बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आहे आणि आसपास अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. चौघांच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात झिप फाइल पेनड्राइव्हवरून फिरवण्याऐवजी पहिल्याच आठवड्यात अशी पाइपलाइन उभी करावी. सुरुवातीला एकच चाचणी असली तरी चालते.

सीमाभागात या पद्धतीची सर्वांत जास्त गरज पडते ती भाषेसाठी. इथे घरात मराठी, सरकारी कागदावर कन्नड आणि संगणकावर इंग्रजी अशी तीन रूपे एकाच गावाच्या नावाला असतात. शहराचे सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले, मराठी माणूस बेळगाव म्हणतो, जुन्या नोंदी इंग्रजी बेलगाम या रूपात आहेत. पत्ता शोधणाऱ्या प्रोग्रॅमने या सगळ्यांना एकच गाव मानले पाहिजे, आणि कोणी कोड बदलला तरी मानत राहिले पाहिजे.

लिपीतले खाचखळगे त्याहून खोल आहेत. प्रत्येक अक्षराला सांकेतिक क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये देवनागरी आणि कन्नड अक्षरांची मांडणी समांतर आहे, त्यामुळे देवनागरी अक्षराच्या क्रमांकात ८९६ मिळवले की बहुतेक वेळा त्याचे कन्नड अक्षर मिळते. हा सोपा उपाय ‘बे’ वर फसतो. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ए वेगवेगळे आहेत. बेळगावीतला ‘बे’ ऱ्हस्व आहे, तर मराठीतल्या मात्रेत ८९६ मिळवले की दीर्घ मात्रा येते. दिसायला जवळपास बरोबर, वाचणाऱ्या कन्नड माणसाला मात्र चूक. ‘कऱ्हाड’ मधला ‘ऱ’ कोणी एकाच सांकेतिक क्रमांकाने टाइप करतो, कोणी र आणि नुक्ता मिळून, तर कोणी र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने पहिले दोन एक होतात, तिसरा तसाच राहतो, आणि शोधात कऱ्हाड सापडत नाही. ‘काळे’ आणि ‘कावळे’ यांची यादी नुसत्या सांकेतिक क्रमांकाने लावली तर काळे आधी येतात, कारण युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे आहे. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, म्हणून कावळे आधी हवेत. अंकांचेही तसेच. प्रोग्रॅम लिहिण्याच्या भाषांपैकी पायथन ‘१५’ हे देवनागरी अंक पूर्णांक म्हणून स्वीकारते, जावास्क्रिप्ट त्यालाच संख्या मानत नाही.

या एकेका गोष्टीची एकेक चाचणी लिहिता येते आणि ती लिहायला इथल्या माणसाशिवाय दुसरा कोणी योग्य नाही. नमुना म्हणून ‘टेस्ट एक, टेस्ट दोन’ भरण्याऐवजी येळ्ळूर, सुळगा, कंग्राळी, हिंडलगा, नंदगड, कणकुंबी ही नावे भरावीत. वाहन क्रमांकाच्या तपासणीत बेळगावचे केए २२ आणि चिक्कोडीचे केए २३ यांच्यासोबत कोल्हापूरचे एमएच ०९ हवेच. निपाणीच्या दुकानदाराचे गिऱ्हाईक दोन्ही बाजूंचे असते.

खानापूरच्या पश्चिम भागात मुसळधार पावसाच्या दिवसांत वीज आणि नेट दोन्ही बेभरवशाचे असतात. इथे पाइपलाइनचा एक साधा फायदा आहे. रनर दुसरीकडे असतो, पुश एकदा पोचला की घरी अंधार झाला तरी चाचण्या चालूच राहतात. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे गिट हे साधन फक्त नवा बदल पाठवते, म्हणून लहान लहान कमिट (बदलाच्या नोंदी) करावेत. पॅकेजेसचा कॅशे (पुन्हा वापरायचा साठा) ठेवला की रनरचाही वेळ वाचतो. बांधणी आणि चाचण्या मिळून १० मिनिटांत संपाव्यात असा एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगचा जुना संकेत आहे, तो आजही पाळण्यासारखा आहे. निकाल त्याहून उशिरा आला तर माणूस पुढच्या कामाला लागलेला असतो.

पाइपलाइन तयार सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवण्याचेही काम करू शकते. हे काम हाताने केल्याने काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीचे आहे. नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता, एक राहून गेला. १ ऑगस्ट २०१२ रोजी त्यावरचा जुना कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीला जवळपास ४४ कोटी डॉलरचा फटका बसला. उलट बाजूने, ज्या पाइपलाइनच्या हाती सगळ्या किल्ल्या असतात, तीच चोराचे लक्ष्यही होते. मार्च २०२५ मध्ये गिटहब ॲक्शन्सवरचा, २३ हजारांहून अधिक रिपॉझिटऱ्यांत वापरला जाणारा एक तयार घटक बिघडवला गेला आणि पासवर्ड-टोकन लॉगमध्ये (पाइपलाइनच्या कामाच्या नोंदीत) छापले जाऊ लागले. आवृत्तीचे टॅग, म्हणजे आवृत्तीला दिलेली आणि नंतर हलवता येणारी नावे, दुष्ट कोडकडे वळवले होते. म्हणून बाहेरचा घटक टॅगने न घेता कमिटच्या पूर्ण हॅशने (न बदलणाऱ्या ओळखक्रमांकाने) बांधून घ्यावा आणि पासवर्ड कोडमध्ये कधीही लिहू नये.

लाल असताना मर्जचे (बदल मुख्य कोडमध्ये मिसळण्याचे) बटण बंद राहील, अशी अट रिपॉझिटरीत घालता येते, आणि ती घालावीच. कधी हिरवी, कधी लाल अशी लहरी चाचणी मात्र लगेच बाजूला काढून दुरुस्त करावी. तिच्यामुळे लोक ‘पुन्हा चालव, होईल हिरवी’ म्हणू लागतात आणि खरा लाल निकालही तसाच सोडून देतात. समजा, येळ्ळूरच्या ग्राहकाच्या छापील बिलात ‘ळ्ळ’ तुटून आला अशी तक्रार आली. तर आधी तेच नाव घालून बिल छापणारी चाचणी लिहायची आणि ती लाल होते हे पाहायचे. मग फॉन्ट किंवा छपाईचा कोड दुरुस्त करून ती हिरवी करायची. ती चाचणी काढून टाकत नाहीत. बिलाशी काहीही संबंध नसलेल्या बदलाच्या वेळीही येळ्ळूरचे ते बिल रनरवर पुन्हा छापून पाहिले जाते.