सुगीच्या आधीचे महिने

पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरमध्ये उपासमारीचे दिवस येतात ते पेरणी झाल्यावर. जूनमध्ये पाऊस सुरू होतो, बाजरी उगवते, शिवार हिरवं दिसतं आणि नेमक्या तेव्हाच कणग्या रित्या झालेल्या असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुगीपर्यंत घर विकतच्या धान्यावर चालतं आणि भावही तेव्हाच सर्वांत चढे. त्यात हिवताप, जुलाब. २००४मध्ये पाऊस लवकर थांबला, टोळधाडही आली. २००५मध्ये बाजारात बाजरी होती, पण गरिबांना परवडत नव्हती.

बाजरी मूळची याच सहेल पट्ट्यातली, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला लागून असलेल्या कोरड्या प्रदेशातली, तिथूनच ती आपल्याकडे आली. धान्य कसदार आहे, पण लहान मूल नुसत्या पातळ पेजेवर वाढत नाही. स्निग्धांश, प्रथिनं, जस्त कमी पडतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित. पूर्वी अशा मुलाला विशेष दूध देत. ते स्वच्छ पाण्यात कालवावं लागे, म्हणून आईला इतर मुलं आणि शेत सोडून दवाखान्यात राहावं लागे.

१९९६च्या सुमारास आंद्रे ब्रियां या फ्रेंच बालरोगतज्ज्ञाने मिशेल लेस्कान यांच्यासोबत यावर तोड काढली: शेंगदाण्याचा लगदा, दूध पावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं आणि क्षार. ९२ ग्रॅमच्या पुडीत सुमारे ५०० कॅलरी. पावडरीचे कण तेलात बुडालेले असतात, मोकळं पाणी जवळपास नसतंच, त्यामुळे जंतू वाढत नाहीत. पुडी फोडून मूल थेट चाटतं, घरीच. २००५मध्ये नायजरमध्ये हजारो मुलांवर असे उपचार झाले. २००७मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही ही पद्धत मान्य केली.

पण हा झाला इलाज. मूल त्या अवस्थेला पोचूच नये, यासाठी मला चवळीची साठवण जास्त मोलाची वाटते. चवळीला भुंगेरे लागतात, म्हणून शेतकरी ती सुगीतच पडत्या भावात विकून टाकतो. पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी तिपदरी पोतं तयार केलं: आत प्लॅस्टिकच्या दोन जाड पिशव्या, बाहेर विणलेलं पोतं. तिन्हींची तोंडं वेगवेगळी घट्ट बांधायची. आतले किडे श्वसनाने प्राणवायू संपवतात. तो नसला की त्यांच्या शरीराला लागणारं पाणीही तयार होत नाही. ते खाणं थांबवतात आणि सुकून मरतात. औषध फवारावं लागत नाही, त्यामुळे चवळी भाव चढल्यावर विकता येते आणि पावसाळ्यात घरच्या मुलांसाठीही शिजवता येते.