उन्हातील व्यायाम आणि निर्जलीकरण

उन्हात धावताना, टेकडी चढताना किंवा मैदानावर सराव करताना घामावाटे गेलेले पाणी वेळेत भरून न निघाल्याने शरीरात पडणारी पाण्याची तूट म्हणजे व्यायामजन्य निर्जलीकरण. ही तूट वजनाच्या टक्केवारीत मोजतात. ६० किलो वजनाच्या माणसाचे वजन घामापायी १.२ किलोने घटले, तर तूट २ टक्क्यांची. दमसास आणि एकाग्रता या दोन्हींच्या बाबतीत हाच आकडा साधारण उंबरठा मानला जातो. एप्रिलमध्ये अर्ध्या लिटरची एकच बाटली घेऊन उशिरा सिंहगड चढायला लागलेला पुणेकर गड उतरेपर्यंत तो सहज ओलांडू शकतो.

स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेपैकी जेमतेम चौथा हिस्सा हालचालीच्या कामी येतो. उरलेल्याची उष्णता होते. हवा त्वचेपेक्षा थंड असेल तोवर तिच्यातली काही आपसूक बाहेर पडते. पारा ३५ अंश सेल्सिअसच्या वर गेला की सगळी भिस्त घाम वाळण्यावर. एक लिटर घाम त्वचेवरून वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता नेतो. जो घाम खाली ठिबकतो, तो अंग गार करत नाही, पाणी मात्र जायचे ते जातेच. उन्हात कसून व्यायाम करताना तासाला अर्ध्यापासून दोन लिटरपर्यंत घाम येतो.

पुण्याच्या उन्हाळ्यात फसगत होते ती इथेच. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, घाटमाथ्याच्या पूर्वेला आहे आणि एप्रिल-मेमध्ये इथली दुपारची हवा कोरडी ठणठणीत असते. घाम येतो तसा वाळतो. मुंबईसारखा शर्ट पाठीला चिकटत नाही. ‘आज फारसा घामच आला नाही’ असे म्हणत गड उतरणाऱ्याच्या काळ्या टी-शर्टवर सॅकच्या पट्ट्यांच्या कडेने मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या असतात आणि कपाळावरून हात फिरवला तर खरखर लागते. जूनमध्ये गणित उलटे होते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्यातून निघून दिवे घाट चढते तेव्हा पारा उतरलेला असतो, पण हवा दमट असते. घाम निथळतो, वाळत नाही आणि अंगाची लाही होते.

शरीरावरचा पहिला परिणाम रक्ताच्या घनफळावर होतो. घामाचे पाणी बरेचसे रक्तद्रवातून येते, त्यामुळे हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक कमी रक्त पुढे ढकलले जाते आणि ती कसर ठोके वाढवून काढावी लागते. प्रत्येक टक्का तुटीमागे मिनिटाला साधारण तीन ते पाच ठोके वाढतात. वेग तोच, पण धाप जास्त. त्याच वेळी उष्णता बाहेर टाकायला त्वचा रक्त मागते आणि कामासाठी स्नायूही. या ओढाताणीत आतड्यांच्या वाट्याचे रक्त घटते. मळमळ सुटते ती अनेकदा यामुळेच. मूत्रपिंडे पाणी राखून ठेवू लागतात, लघवी गडद आणि थोडी होते.

मेंदूच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणी असतो. रक्तातील क्षारांचे प्रमाण वाढले की मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागातील संवेदी पेशींना ते कळते, पियूषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन हे पाणी राखायला लावणारे संप्रेरक स्रवते आणि तहान लागते. मात्र व्यायामाच्या भरात ही तहान मागे पडते. अमेरिकेतील जॉर्जिया टेक विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्वयंसेवकांकडून उष्ण वातावरणात व्यायाम करवून घेतला आणि मग पडद्यावर ठरावीक आकृती दिसली की बटण दाबण्याचे कंटाळवाणे काम दिले. पाणी न पिता व्यायाम केलेल्यांच्या मेंदूतील द्रवाने भरलेल्या पोकळ्या रुंदावल्या होत्या आणि चुकाही वाढल्या होत्या. त्याआधी २०११ मध्ये लंडनच्या संशोधकांनी किशोरवयीनांवर केलेल्या अभ्यासात, घाम गाळून आलेल्या मुलांची उत्तरे बिघडली नव्हती. तेवढ्याच कामासाठी त्यांच्या मेंदूचा पुढचा भाग अधिक राबत होता. म्हणजे बाहेरून ठीक दिसणारा माणूस आतून जास्त किंमत मोजत असू शकतो.

झटपट प्रतिक्रिया देण्यावर याचा परिणाम तुलनेने कमी दिसतो. लक्ष टिकवणे, निर्णय घेणे आणि हालचालींचा ताळमेळ मात्र ढासळतो. गड उतरताना मुरमावरून पाय घसरणे ठीक, खरा धोका त्यानंतर दुचाकीवरून घरी परतताना असतो. त्याची चर्चा ट्रेकर मंडळींत फारशी होत नाही.

भरपाईचा सर्वांत सोपा मापक घरचा वजनकाटा: आधी आणि नंतर वजन करावे, घटलेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर पेय पुढच्या काही तासांत घोट-घोट घ्यावे. एक लिटर घामातून साधारण एक ग्रॅम सोडियम जाते, त्यामुळे गडावरचे मीठ-जिरे घातलेले ताक किंवा लिंबू सरबत ही केवळ चैन नव्हे. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यातच विरघळवायची. ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम आतड्यात शोषले जाते आणि पाणी त्यामागून येते. नुसते पाणी ढोसणेही घातक ठरते. रक्तातील सोडियम लिटरला १३५ मिलिमोलखाली गेले की मेंदूला सूज येऊ शकते. बॉस्टन मॅरेथॉनच्या २००२ सालच्या ४८८ धावपटूंच्या तपासणीत १३ टक्क्यांचे सोडियम असे उतरलेले आढळले.

शरीराचे आतले तापमान ४० अंशांवर गेले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजावा. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका येईपर्यंत कपडे सैल करून थंड पाण्याने अंग गार करत राहावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नये.

उन्हाची सवय होण्यास एक ते दोन आठवडे लागतात. रक्तद्रव वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातले मीठ कमी होते. पोलीस भरतीच्या १,६०० मीटर धावण्याची तयारी करणाऱ्या मुलांनी सराव टप्प्याटप्प्याने वाढवावा तो यासाठी. पोट जड होईल या भीतीने पाणी टाळण्याची त्यांच्यातल्या काहींची खोड मात्र उलटी पडते, कारण सवय झालेल्या शरीराला घाम कमी नव्हे, जास्त येतो.