डिकीवर एकच जीटी, पोटात दोन गिअरबॉक्स

गेल्या दिवाळीत भाच्याने फराळाच्या ताटावरच जाहीर केलं, "मामा, स्पोर्ट्स कार घ्यायची. सात लाखांत." त्याच्या आईने लगेच माझ्याकडे पाहिलं, हे खूळ मीच त्याच्या डोक्यात भरवलंय अशा नजरेने. थोडंफार भरवलंही होतं. सात लाखांत दोन दारांची, छप्पर उघडणारी गाडी येत नाही हे त्यालाही ठाऊक होतं. आपल्याकडे या पैशांत स्पोर्ट्स कार म्हणजे अंगाने लहान आणि पायाखाली चपळ अशी जुनी हॅचबॅक. नाशिकच्या पोरांच्या तोंडी त्यात पहिलं नाव येतं फोक्सवॅगनच्या पोलो जीटीचं. ती बनायचीही आपल्याच नाशिक-पुणे रस्त्यावर, चाकणला. २०२२ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, तेव्हापासून जी काही मिळते ती जुन्या बाजारातच.

मुंबई नाक्याजवळ एका एजंटकडे दोन उभ्या होत्या. दोन्ही पांढऱ्या, दोघींच्या जाळीवर जीटीचा बिल्ला, मागे टीएसआय म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिनाची खूण, दोन्ही पेट्रोल, दोन्ही ऑटोमॅटिक. एक २०१९ च्या शेवटाची, दुसरी २०२१ ची. एजंट म्हणाला, "गाडी एकच आहे साहेब, फक्त दीड वर्षाचा फरक." भाच्याचे डोळे साहजिकच स्वस्त गाडीकडे वळले. आणि मी त्याला बाजूला घेतलं, कारण या दोन गाड्यांत वर्षाचा फरक सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे.

पहिली जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली. तिच्यात १.२ लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन, १०५ पीएस ताकद, १७५ न्यूटन मीटर टॉर्क म्हणजे ओढण्याचा जोर, आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. एप्रिल २०२० पासून बीएस ४ च्या जागी धुराच्या प्रदूषणाचा बीएस ६ हा कडक नियम लागू झाला तेव्हा हे इंजिन आणि हा गिअरबॉक्स दोन्ही गेले. त्या जागी आलं १.० लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन, ११० पीएस, टॉर्क तोच १७५, आणि सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे तेलामार्फत ताकद पोचवणारा जुन्या पद्धतीचा ऑटोमॅटिक. नाव मात्र तेच राहिलं. त्यात भर म्हणजे २०१९ च्या सप्टेंबरात गाडीचा चेहरा बदलून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी आली होती, इंजिन बदलण्याच्या सहा-सात महिने आधी. म्हणून २०१९ च्या शेवटाची जुनी जीटी आणि २०२१ ची नवी जीटी शेजारी उभ्या केल्या तर जुळ्या बहिणी वाटतात.

ओळखायचं कसं? बोनेट उघडण्याआधी आरसी उघडा. बीएस ४ लिहिलेली ऑटोमॅटिक जीटी म्हणजे १.२ आणि डीएसजी. बीएस ६ म्हणजे १.० आणि टॉर्क कन्व्हर्टर. क्युबिक कपॅसिटीच्या रकान्यात पहिलीला ११९७ दिसेल, दुसरीला ९९९. पण नुसत्या सीसीवर जाऊ नका, इथे फसवणुकीला जागा आहे. साधी, बिनटर्बोची पोलो आधी ११९८ सीसीची होती आणि २०१८ पासून ९९९ सीसीची. म्हणजे ७६ पीएसची साधी १.० आणि ११० पीएसची टर्बो १.०, दोघींच्या आरसीवर ९९९ च. साध्या गाडीला जीटीचा बिल्ला चिकटवायला दोन मिनिटं लागतात, आणि तशा चिकटवलेल्या कॉलेज रोडवर कमी नाहीत. काही जण तर पुढे आय जोडून जीटीआय करतात. खरी पोलो जीटीआय तीन दारांची, १.८ लिटरची, १९२ पीएसची, मोजक्या संख्येने आलेली गाडी होती. पाच दारांवर जीटीआय दिसलं तर हसून पुढे जावं.

आता मूळ मुद्दा गिअरबॉक्सचा. डीएसजी म्हणजे एका पेटीत दोन क्लच. एकाकडे १, ३, ५, ७, दुसऱ्याकडे २, ४, ६ आणि रिव्हर्स. गाडी तिसऱ्यात धावत असते तेव्हा चौथा आधीच लावून तयार ठेवलेला असतो, फक्त एक क्लच सुटतो आणि दुसरा धरतो. म्हणून पाय दाबल्यावर मध्ये श्वास अडकल्यासारखं होत नाही. विल्होळीच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर ही गाडी एकदा चालवली की माणूस पुढचे दोन दिवस त्याच विषयावर बोलतो. मी बोललोय.

गंमत आहे तशी गोमही आहे. या सात गिअरच्या डीएसजीतले दोन्ही क्लच कोरडे आहेत, साध्या मॅन्युअल गाडीच्या क्लचप्लेटसारखे. तेलात बुडालेले नाहीत. द्वारका चौकात संध्याकाळी सहाला गाडी हातभर पुढे जाते, थांबते, पुन्हा हातभर जाते. त्या प्रत्येक हातभराला कॉम्प्युटर आपल्या वतीने हाफ क्लच खेळत असतो. पाय आपला नाही म्हणून कळत नाही, पण प्लेट तापतेच. त्यावर मेकॅट्रॉनिक नावाचा जो भाग बसतो, म्हणजे या गिअरबॉक्सचा मेंदू आणि हात दोन्ही, तो नाजूक आहे. जगभर याच्या तक्रारी झाल्या. २०१३ च्या नोव्हेंबरात फोक्सवॅगनने सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावून यातलं सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल घालायला घेतलं. मेकॅट्रॉनिक किंवा क्लचचा संच बदलायची वेळ आली तर खर्च लाखाच्या घरात जातो. सात लाखांच्या गाडीत हा आकडा विसरून चालत नाही.

टॉर्क कन्व्हर्टरचं तंत्र जुनं आणि सोशिक. बादलीतलं पाणी हाताने गोल घुसळलं की त्यात तरंगणारा तांब्याही फिरायला लागतो, हात तांब्याला लागत नाही. इथे पाण्याच्या जागी तेल, हाताच्या जागी इंजिन आणि तांब्याच्या जागी गिअरबॉक्स. थांबत-सरकत जाताना घासणारी प्लेट मध्ये नसते, वेग घेतल्यावर आतला लॉकअप क्लच दोघांना घट्ट जोडतो. किंमत कशाची मोजावी लागते? थोड्या आळसाची. जोरात पाय दाबला की हा क्षणभर विचार करतो, मग गिअर उतरवतो. तीन सिलिंडरची बारीक थरथर सिग्नलला उभं असताना सीटखाली जाणवते. बाकी काळजी म्हणाल तर तेल. हे तेल आयुष्यभर बदलावं लागत नाही असं सांगणारे भेटतील, पण ६० हजारांच्या आसपास ते बदललेलं आहे का हे बिलावर बघाच.

डीएसजीवालीची ट्रायल एजंटला आवडत नाही अशीच घ्यायची. सकाळी गार गाडी घेऊन गंगापूर रोडवर एक फेरी मारली तर सगळ्याच गाड्या लोण्यासारख्या चालतात. आधी अर्धा-पाऊण तास चालवून गिअरबॉक्स तापू द्या. मग गर्दीत शिरा आणि ॲक्सिलरेटरला न शिवता नुसता ब्रेक हलका करत सरका. पहिल्या-दुसऱ्यात गाडी धडधडली, पाय थरथरल्यासारखं वाटलं, तर क्लच थकलेत. त्यानंतर चढावर रिव्हर्स घ्या, दोनदा तरी. दोन क्लचपैकी एक रुसला की गाडी फक्त विषम किंवा फक्त सम गिअरवर चालते, आणि सम क्लच गेला की त्याच्याबरोबर रिव्हर्सही जातो. मीटरवर गिअरचं अक्षर लुकलुकलं किंवा पान्याची खूण उगवली, तर "नुसता सेन्सर आहे" या उत्तरावर विश्वास ठेवू नये. सोबत स्कॅनर असलेला मेकॅनिक न्या, जुने फॉल्ट कोड त्याला वाचू द्या. पुसून टाकलेले कोड, दोष तसाच असेल तर, गाडी चालल्यावर परत उगवू शकतात, म्हणून स्कॅन ट्रायलच्या शेवटी करायचा.

मालक कुठे राहायचा हेही विचारा. रोज अंधेरीच्या गर्दीत गेलेली ५० हजार किलोमीटरची गाडी आणि आठवड्यातून एकदा सिन्नरला जाऊन-येऊन ८० हजार झालेली गाडी, यात मी दुसरी घेईन. डीएसजीच्या बाबतीत किलोमीटरपेक्षा ते कुठे झाले याला वजन आहे. नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाताना गर्दीच्या दिवशी चढावर रांग लागते, तिथे ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणारा मालक असेल तर क्लचची वाट लागलीच म्हणून समजा. असा मालक बोलण्यात ओळखू येतो, त्याला विचारा चढावर गाडी कशी थांबवतो.

दोन्ही गाड्यांत एक समान भानगड म्हणजे रिमॅप. टर्बो इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवता येते आणि जीटी घेणाऱ्यांतले बरेच जण तेच करायला ती घेतात. डीएसजीची झेपण्याची मर्यादा २५० न्यूटन मीटर आहे, कंपनी देते १७५. मधली जागा पाहून कोणाचे हात शिवशिवले असतील तर तो भार कोरड्या क्लचवर पडलेला असतो. विकताना मूळ सॉफ्टवेअर परत टाकतात, त्यामुळे चालवून कळत नाही. बोनेटखाली बाहेरचा एअर फिल्टर, जाड सायलेन्सर, बदललेला इंटरकूलर दिसला तर स्पष्ट विचारावं.

कागदांचं थोडक्यात. दमण-सिल्वासाच्या पासिंगची गाडी स्वस्त दिसते, पण ती नाशिकच्या एमएच १५ नंबरवर आणायला एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स लागतो, तो धरून हिशेब करा. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर ते फिटल्याचा बँकेचा फॉर्म ३५, आणि थकलेली चलनं भरल्याची खात्री. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, पुरात बुडालेल्या गाडीचा गाळ तिथे राहतो. गोदावरीच्या पुराची पातळी ज्यावरून सांगतात त्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागतं तेव्हा गोदाकाठी पार्क केलेल्या गाड्यांचं पुढे काय होतं, हे नाशिककराला वेगळं सांगायला नको.

मग घ्यावी कोणती? रोज नाशिक रोड ते सातपूर असं गर्दीतून जाणं-येणं असेल तर बीएस ६ वाली टॉर्क कन्व्हर्टर, डोळे मिटून. जुनी १.२ डीएसजी चालवायला जास्त गोड आहे हे मी शपथेवर सांगेन, पण ती घेणाऱ्याने लाख-दीड लाख बाजूला ठेवूनच घ्यावी. ते पैसे वापरावे लागले नाहीत तर उत्तमच. सगळं बजेट गाडीच्या किमतीतच संपणार असेल तर तिच्या वाटेला जाऊ नये.

भाच्याला मी तिसरी वाट दाखवली, जिच्याकडे बिल्ल्याच्या नादात कोणी बघत नाही. बीएस ६ मध्ये तेच ११० पीएसचं १.० टर्बो इंजिन पोलोच्याच हायलाइन प्लस या मॉडेलमध्ये सहा गिअरच्या मॅन्युअलसोबत मिळायचं. जीटी लिहिलेलं नाही, म्हणून पोरं तिला साधी समजतात. क्लचप्लेट घासली तर तो खर्च मेकॅट्रॉनिकच्या जवळपासही जात नाही, आणि कसारा घाटात कोणता गिअर कधी टाकायचा हे आपल्या हातात. त्याने तीच घेतली, २०२० ची, एका मालकाची, बजेटमध्ये.

परवा घरी आला तेव्हा म्हणाला, "मामा, जीटीचा बिल्ला ऑनलाइन मिळतोय. लावू का?"

"उद्या विकायला काढशील तेव्हा घेणारा काय म्हणेल?"

"त्याला कुठे कळणार?"

"आरसी वाचणारा भेटला तर कळेल," मी म्हटलं. त्याने फोन खिशात ठेवला. मागवलाय की नाही, अजून सांगितलेलं नाही.