खेळती हवा वेगळी, अंगावरचा वारा वेगळा

थंडी वाढली की कोंबड्या पाळणाऱ्याचे हात फटी बुजवायला शिवशिवतात. कुठे गोणपाट कोंब, कुठे ताडपत्री ठोक, कुठे जुनी चादर लाव. माझंही तेच झालं. पहिल्याच हिवाळ्यात खुराड्याची झाडून सगळी भोकं बंद केली, अगदी छपराखालची जाळीसुद्धा, आणि निर्धास्त झोपलो. पहाटे दार उघडलं तर पत्र्याच्या आतल्या अंगाने थेंब ओघळत होते. एक थेंब टपकन कोंबड्याच्या पाठीवर पडला आणि तो अंग झाडत रात्री बसायच्या दांडीवरून उतरला. आतून आलेल्या भपकाऱ्याने माझे डोळे चुरचुरले. बाहेर पाण्याच्या भांड्यावर बर्फाची साय धरली होती, आणि आतही हात तेवढेच गारठत होते. फक्त आत वरून ओल होती. चार दिवसांनी त्याच कोंबड्याच्या तुऱ्याची टोकं आधी पांढुरकी दिसली, मग काळी पडली.

घोळाचं मूळ बरंचसं आपल्या बोलण्यात आहे. 'हवा' या एका शब्दात आपण दोन गोष्टी कोंबतो. 'बाळाला हवा लागेल' म्हणतो तेव्हा ती नको असते, 'खोलीत अजिबात हवा नाही' म्हणतो तेव्हा ती हवी असते. खुराड्यातही नेमक्या याच दोन हवा असतात. एक कोंबडीच्या अंगावर येते, तो वारा. दुसरी तिच्या डोक्यावरून जाते आणि जाताना आतली ओल घेऊन जाते, ती खेळती हवा. पहिली अडवायची असते, दुसरी थंडी कितीही असली तरी चालू ठेवायची असते. दोन्ही भोकातूनच येतात, म्हणून माणूस दोन्हींना एकच समजून बोळा मारतो.

आधी वाऱ्याचं बघू, कारण ते सोपं आहे. कोंबडीच्या शरीराचं तापमान ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, आपल्यापेक्षा चांगलं चार अंशांनी जास्त. थंडीत ती पिसं फुलवून गोळा होऊन बसते. वरच्या पिसांखाली मऊ कापसासारख्या पिसांचा थर असतो आणि त्यात हवा अडकून राहते. तिला ऊब मिळते ती या अडकलेल्या, न हलणाऱ्या हवेमुळे. पिसं म्हणजे ती हवा धरून ठेवायचं साधन. रात्रभर बारीकसा जरी झोत अंगावर येत राहिला तरी पिसं उचकटतात, आतली तापलेली हवा निघून जाते आणि कोंबडीला ती पुन्हा तापवावी लागते. दिवसा ती आडोशाला जाऊ शकते. अंधार पडल्यावर मात्र ती दांडीवरून हलत नाही, जिथे बसली तिथे झोत खात राहते. रात्री बॅटरी घेऊन गेलात आणि सगळ्या कोंबड्या दांडीच्या एकाच टोकाला दाटीवाटीने बसलेल्या दिसल्या, तर दुसऱ्या टोकाची भिंत तपासा.

दुसरी गोष्ट जास्त फसवी, कारण ती दिसत नाही. कोंबडी दिवसाला साधारण २०० मिलिलिटर पाणी पिते. सहा कोंबड्या असल्या तर सव्वा लिटरच्या घरात गेलं. त्यातलं थोडं अंड्यात जातं, बाकीचं श्वासातून आणि विष्ठेतून बाहेर पडतं. ताज्या विष्ठेत तीन चतुर्थांश पाणीच असतं. हिवाळ्याच्या लांब रात्रीचा त्यातला सगळा वाटा खुराड्यात जमा होतो. आणि थंड हवेत पाणी फारसं मावत नाही. २० अंशाला एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम वाफ राहू शकते, शून्य अंशाला पाच ग्रॅमसुद्धा नाही. उरलेली वाफ कुठेतरी बसणारच. ती बसते पत्र्यावर, भिंतीवर, खाली अंथरलेल्या भुशात आणि तुऱ्यावर.

तुरा आणि हनुवटीखाली लोंबणारी लाल कातडी, इथे पिसं नसतात. पाणी गोठण्याइतका गारठा असताना ही कातडी ओलसर राहिली की हिमदंश लवकर होतो. कोरड्या थंडीत तीच कोंबडी बरंच सोसून जाते. तुऱ्याला व्हॅसलीन चोपडायचा उपाय सर्रास सांगितला जातो. मीही करून पाहिला. छत गळत असताना अंगाला तेल लावून बसण्यासारखा प्रकार वाटला.

ओलीची दुसरी करामत म्हणजे अमोनिया. विष्ठेतला पांढरा भाग युरिक ॲसिडचा असतो. भुसा कोरडा असेल तर तो बराच काळ निमूट पडून राहतो, ओला झाला की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. दहा लाख भाग हवेत २०-२५ भाग अमोनिया असला की आपल्या नाकाला कळतं, आणि तेवढ्याने कोंबडीला त्रास सुरू झालेला असतो. श्वासनलिकेतले कचरा बाहेर लोटणारे बारीक केस त्याने निकामी होतात, मग साध्या जंतूंनाही आत शिरायला वाट मिळते. कोंबडी शिंकायला लागली, डोळ्यांत पाणी आलं की 'हिला वारा लागला' म्हणून आपण उरलीसुरली फटसुद्धा बंद करतो. पुष्कळदा दुखणं कोंडलेल्या हवेचं असतं आणि त्याला औषध म्हणून आणखी कोंडलेली हवा मिळते! वास बघायचा तर पहाटे, दार उघडल्या उघडल्या, दांडीच्या उंचीला वाकून बघावा. उभ्याने नको, आणि पाच मिनिटांनीही नको. नाक लगेच सरावतं.

थंड हवा आत घेतली तर आत गारठा वाढणार नाही का, हा प्रश्न रास्त आहे. थोडा वाढतो. पण एक धडधाकट कोंबडी सुमारे १० वॅट उष्णता टाकते. सहा मिळून जुन्या पिवळ्या बल्बाएवढी झाली. एवढ्याने खुराडं तापत नाही, तुम्ही सगळं बंद केलंत तरी फरक दोन-चार अंशांचाच. त्या दोन-चार अंशांसाठी ओल विकत घेणं परवडत नाही. उलट बाहेरची हवा गोठणबिंदूला असली, अगदी धुक्याची असली, तरी आत येऊन थोडीशी जरी तापली की तिच्यात आणखी पाणी शोषायला जागा होते. मग ती हलकी होऊन वर जाते आणि वरच्या जाळीतून ओल घेऊन बाहेर पडते. खेळती हवा म्हणतात ती हीच.

त्यामुळे भोक किती मोठं, यापेक्षा ते कुठे आहे हे आधी बघायचं. जमिनीपासून ते दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर निदान एक फूट, एवढा पट्टा वाऱ्याच्या बाजूने घट्ट बंद. त्याच्या वर, छपराच्या वळचणीला, समोरासमोरच्या दोन्ही बाजूंना जाळी लावलेले झरोके, कायम उघडे. वळचण पुढे आलेली असेल तर पाऊस-बर्फही आत येत नाही. कोंबडीमागे एक चौरस फूट झरोका असावा असं बरेच अनुभवी लोक सांगतात. वाऱ्याच्या जागी मी त्यातला निम्मा फळीने झाकतो, पण पूर्ण कधीच नाही.

मोठ्या शेडला पडदे असतात तिथे हीच चूक वेगळ्या रूपात होते. पडदा वरच्या कडेला बांधलेला असतो आणि खालून गुंडाळायचा असतो. थोडा उघडायचा म्हटलं की उघडतं ते खालचं, थेट कोंबड्यांच्या अंगावर. पडदा खालच्या कडेला पक्का करून वरून खाली सोडता येईल असा हवा, म्हणजे उघडेल ती वरची पट्टी.

तयार मिळणारी पेटीसारखी ठेंगणी खुराडी मात्र अवघड. त्यात दांडी आणि छप्पर यांत वीतभर अंतर, मग 'डोक्याच्या वर' ही जागाच नसते. अशा वेळी दांडी खाली घ्यावी आणि वारा येतो त्याच्या उलट बाजूला, वरच्या कोपऱ्यात भोक पाडावं. तेही जमत नसेल तर कोंबड्या कमी ठेवाव्यात. मला तरी तिसरा मार्ग सापडलेला नाही.

उघड्या झरोक्यांनी धास्तावणाऱ्यांना एक गोष्ट सांगतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डॉ. प्रिन्स वूड्स यांनी एक अख्खी बाजू उघडी असलेल्या, फक्त जाळी लावलेल्या कोंबडीघरांचा पुरस्कार केला, तेही बर्फ पडणाऱ्या मुलखासाठी. उघडी बाजू दक्षिणेला, बाकी तीन भिंती घट्ट, आणि दांड्या पार मागच्या भिंतीशी. घर खोल असल्यामुळे समोरचा वारा मागपर्यंत पोचतच नाही. हवा भरपूर, झोत नाही. तिथे दोन्हींतला फरक बांधकामातच दिसतो.

आता जातींकडे वळू, कारण कोणत्या चुकीचा फटका कोणाला बसेल हे जातीवर ठरतं. लेगहॉर्न किंवा मिनोर्का यांचा तुरा उंच, एकेरी, करवतीच्या दात्यांसारखा. यांना ओल आधी मारते. वायनडॉटचा तुरा डोक्याला चपटा चिकटलेला, ब्रह्माचा तर बुटका. दोघीही अंगाने भरदार पिसांच्या. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये विल्फ्रिद शातलँ नावाच्या धर्मबंधूंनी मठात राहून तिथल्या हिवाळ्यासाठी शांतेक्लेर ही जात घडवली. तिला तुरा आणि खालची लोंबती कातडी जवळजवळ नाहीच, म्हणजे गोठायला काही ठेवलंच नाही.

असीलचं गणित उलटं. तुरा छोटा, म्हणून तो थंडीत टिकेल असं वाटतं. पण त्याची पिसं आखूड, कडक आणि अंगाला घट्ट बसलेली, खालचा मऊ थर अगदी कमी. त्याला वारा लागतो. मान उघडी असलेल्या नेकेड नेकच्या अंगावर तर इतरांपेक्षा बरीच कमी पिसं. पिसं झाडून नवे कोंब फुटत असलेली कोणतीही कोंबडी तेवढ्यापुरती याच गटात धरावी. सिल्कीला मात्र दोन्ही बाजूंनी मार आहे: तिच्या पिसांचे धागे एकमेकांत अडकत नाहीत, त्यामुळे पाणी आत मुरतं आणि वाराही सहज आत शिरतो. पायांवर पिसं असलेल्या ब्रह्मा-कोचीनचे पाय चिखलात भिजून रात्री तसेच ओले राहतात, म्हणून संध्याकाळी ते एकदा बघून घ्यावेत.

दांडी चपटी असावी, चार बोटं रुंद, म्हणजे बसल्यावर पोटाची पिसं बोटांवर येतात. लोखंडी पाइप नको.

दिवा लावावा का, हा प्रश्न नेहमी येतो. पिसं न आलेल्या पिल्लांना ऊब लागतेच, सहाएक आठवड्यांपर्यंत. त्यांचा हिशेब वेगळा. मोठ्या, हळूहळू थंडीला सरावलेल्या कोंबड्यांसाठी २५० वॅटचा तापदिवा मी टांगणार नाही. सुका भुसा, उडती धूळ आणि तापलेली काच एकत्र आली की आग लागायला निमित्त पुरतं. शिवाय ऐन कडाक्यात वीज गेली तर उबेला सोकावलेली कोंबडी एकदम गारठ्यात सापडते.

झोत आहे की नाही हे हाताने कळत नाही, हात जाड असतो. मी कोंबडीचंच एक मऊ, बारीक पीस दोऱ्याला बांधून दांडीच्या वर, तिची पाठ येते त्या उंचीला टांगतो. वाऱ्याच्या रात्री बॅटरीच्या उजेडात बघायचं. पीस हलकेच फिरत असेल तर ठीक. एका दिशेला तिरकं राहिलं तर त्या रेषेत मागे मागे जाऊन फट शोधायची आणि तीच बुजवायची. दुसरं पीस वरच्या झरोक्यापाशी. ते हलायलाच हवं.

त्या कोंबड्याच्या तुऱ्याची काळी टोकं पुढे वाळून गळून पडली. दात्यांच्या जागी आता गोलसर खुंट आहेत. झरोके उघडल्यापासून पत्रा कोरडा आहे, आणि तो मात्र अजून थेंब पडायचा ती जागा सोडून दांडीच्या दुसऱ्या टोकाला बसतो.